इंदूरचं पाणी ९८ डिग्रीला उकळतं, फाइलमध्ये मात्र १००

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिवस झाला, शाळांचे फोटो सगळ्याच पेपरांत आले, तुमच्याही अंकात आले, आणि तेव्हापासून हे पत्र लिहू लिहू म्हणतेय पण आधी बोर्डाची ड्यूटी मग कॉप्या, म्हणजे उत्तरपत्रिका, तपासणं यात राहूनच गेलं. मी इंदुरात गेली एकवीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवते. तीन शाळा झाल्या, दोन प्रायव्हेट आणि आताची सरकारी. घरी मराठी, शाळेत हिंदी, त्यामुळे मुलांचं बोलणं मी खाली जसंच्या तसं दिलंय, इंदूरच्या वाचकांना त्याचा त्रास होणार नाही. शाळेचं नाव आणि माझं नाव छापू नका एवढी विनंती, कारण मला कुणा एका शाळेबद्दल तक्रार करायची नाहीये, तिन्ही ठिकाणी मी थोड्याफार फरकाने हेच पाहिलं.

म्हणणं एकच आहे. आपल्या मुलांना प्रयोग स्वतःच्या हाताने करू द्या, आणि जे दिसलं तेच लिहू द्या.

आता नववीचा पहिला धडा घ्या, पदार्थाच्या अवस्था. त्यात बर्फ बीकरमध्ये घेऊन गरम करायचा, थर्मामीटर लावून ठेवायचा आणि कधी वितळतो कधी उकळतो ते लिहून काढायचं असा साधा प्रयोग आहे. काही वर्षांपूर्वी मी ठरवलं की हा फळ्यावर नाही शिकवायचा, करायचाच. वर्गात ५८ मुलं, थर्मामीटर चार, स्पिरिट लॅम्प तीन आणि त्यातल्या एकाची वात गेलेली, म्हणून घरून इंडक्शन आणि पातेली नेली. अर्धी मुलं एका दिवशी, अर्धी दुसऱ्या दिवशी, खेळाच्या सरांकडून त्यांचा पिरियड मागून घेतला तेव्हा कुठे जमलं. थर्मामीटरचा बल्ब बुडाला टेकू द्यायचा नाही, डोळा पाऱ्याच्या रेषेत ठेवायचा, दर मिनिटाला आकडा लिहायचा, एवढं सांगितलं आणि बाजूला उभी राहिले. पाणी खदखदायला लागलं आणि पारा ९८ वर येऊन थांबला. एका टोळीचा ९७, दोघांचा ९८, एकाचा ९८ च्या जरा वर. दहा मिनिटं उकळलं तरी हलेना. आणि एका टोळीने पाणी गरम व्हायच्या आधीच वहीत १०० लिहून टाकलं होतं!

मग एक मुलगी हळूच जवळ येऊन म्हणाली, "मैम थर्मामीटर खराब है, सौ ही लिख दें ना?"

मला त्या क्षणी घाई करून उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून मी त्यांनाच विचारलं की थर्मामीटर खराब आहे हे कसं ओळखाल. थोडा वेळ कुणी बोलेना. मग मागच्या बेंचवरचा एक जण, जो एरवी वर्षभरात चार वाक्यं बोलला असेल, तो म्हणाला की बर्फात घालून बघू, तिथे शून्य आला तर तो बरोबर. वितळत्या बर्फात चारही थर्मामीटर घातले, चारही शून्यावर आले. म्हणजे थर्मामीटर ठीक. मग पाण्यात काहीतरी असेल, नर्मदेचं पाणी आहे, क्षार असतील, असं निघालं. तर क्षारांनी उत्कलनांक वाढतो, कमी होत नाही, हे मी सांगितलं पण नुसतं माझं ऐकायचं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी एका मुलाने बॅटरीवाल्याच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणली, तेही उकळलं, तेही ९८. त्यानंतर मी नकाशा काढला. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, इथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा कमी, आणि ढोबळमानाने दर ३०० मीटर चढलं की पाणी एक डिग्री आधी उकळतं. ५५० ला ३०० ने भागा. पावणेदोन-दोन. शंभरातून वजा करा. वर्गात जो आवाज झाला तो ऐकून शेजारच्या वर्गातल्या मॅडम बघायला आल्या.

पुस्तकातला १०० चुकीचा नाहीये हेही त्यांना तेव्हाच कळलं, तो समुद्रसपाटीवरचा आहे, तिथल्या दाबाचा. मुंबईच्या मावशीकडे १००, पुण्याच्या काकांकडे इंदूरसारखाच ९८ कारण पुणंही जवळपास याच उंचीवर आहे. पुढच्या आठवड्यात त्याच मागच्या बेंचवरच्या मुलाने थर्मामीटर मागितला, मामाकडे महेश्वरला जाणार होता. स्टॉकमधली वस्तू बाहेर द्यायची नसते पण मी दिला, रुमालात गुंडाळून टिफिनच्या डब्यात ठेवून. महेश्वर खाली निमाडात, नर्मदेच्या काठावर, उंची दीडशे मीटरच्या आसपास. सोमवारी तो आला आणि वही उघडून दाखवली, ९९ आणि १०० च्या मधे. मामींनी चहाचं आधण ठेवलं होतं त्यात बघितलं, आधी चहापत्ती घालू दिली नाही म्हणून मामी रागावल्या असंही सांगितलं. एकवीस वर्षांत मला मिळालेलं सगळ्यात चांगलं रीडिंग ते आहे असं मी मनापासून सांगते.

यातूनच पुढची गोष्ट निघाली. इंदूर आणि नर्मदेचा काठ यांच्यात उंचीचा फरक चारशे मीटर, आणि १९७८ पासून आपण पितो ते पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून साधारण सत्तर किलोमीटर लांबून पंपाने वर चढवून आणलेलं. कार्य म्हणजे वस्तुमान गुणिले जी गुणिले उंची, हे सूत्र नववीत सगळे पाठ करतात आणि परीक्षेत डोक्यावर ओझं घेतलेल्या हमालाचं गणित सोडवतात. आम्ही घरच्या टाकीचं सोडवलं. हजार लिटरची काळी टाकी, हजार किलो पाणी, ९.८, चारशे मीटर, म्हणजे ३९ लाख ज्यूलच्या वर. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे एक टाकी पाणी नुसतं वर उचलायलाच एक युनिटपेक्षा जास्त, पाइपातलं घर्षण आणि पंपात वाया जाणारं धरलंच नाही, ते धरलं तर आणखी बरंच. दुसऱ्या दिवशी तीन मुलांच्या आया शाळेत भेटल्या तेव्हा म्हणाल्या की पोरगं टाकी ओव्हरफ्लो झाली की ओरडतं, कुठून शिकून आलंय.

आता जे सांगायचंय ते जड जातं. त्याच वर्षी वार्षिक परीक्षेच्या वेळी प्रॅक्टिकलच्या फाइली तपासायला बाहेरचे परीक्षक आले. पहिल्याच दहा-बारा फाइलींमध्ये पाण्याचा उत्कलनांक ९८. त्यांनी लाल पेनने तो आकडा कापला, वर १०० लिहिलं आणि समोर उभ्या असलेल्या मुलीला विचारलं, "किताब में क्या लिखा है?" ती म्हणाली सौ लिखा है सर. "फिर?" ती माझ्याकडे बघायला लागली. मी सांगायचा प्रयत्न केला, उंची, दाब, सगळं, पण त्यांना दुपारी आणखी एका शाळेत जायचं होतं आणि ते म्हणाले मॅडम बोर्डाच्या पेपरात १०० नाही लिहिलं तर मार्क जातील, तुम्ही मुलांचं नुकसान करताय. आणि पेपरापुरतं त्यांचं म्हणणं बरोबरच होतं, हे मला जास्त लागलं.

त्यानंतर मी काय केलं ते लिहिते. उरलेल्या फाइली मुलांना परत दिल्या आणि सांगितलं की ९८ खोडून १०० करा. व्हाइटनर लावून नीट करा. ज्याने महेश्वरहून रीडिंग आणलं त्यालाही सांगितलं. त्याने काही न बोलता केलं. पुढच्या वर्षीच्या मुलांनी प्रयोग केला, ९८ बघितलं, आणि फाइलमध्ये आपणहून १०० लिहिलं, कुणी विचारलंसुद्धा नाही. दोन वह्या ठेवायच्या असतात, एक बघायची आणि एक दाखवायची, हे त्यांना माझ्यामुळे कळलं. मला आजही झोप येत नाही तेव्हा तो व्हाइटनरचा वास आठवतो.

लोकांना वाटतं प्रॅक्टिकल होत नाही म्हणजे शिक्षक आळशी. काही असतीलही, मी नाही म्हणत नाही. पण आतून कसं चालतं ते बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते. पिरियड चाळीस मिनिटांचा, त्यातली पाच हजेरीत आणि पाच मुलं लॅबपर्यंत नेण्यात जातात. लॅबची किल्ली एकाकडे, तो रजेवर असला की संपलं. माझ्या पहिल्या शाळेत लॅबमध्ये तुटक्या बेंचेस ठेवल्या होत्या, दुसरीत तिथे कॉम्प्युटर बसवले म्हणून विज्ञानाचं सामान जिन्याखालच्या कपाटात. लॅब अटेंडंट नाही, म्हणजे टेस्ट ट्यूब धुणं, ॲसिड पातळ करणं, नंतर मोजून परत ठेवणं हे सगळं तिनं करायचं जिला पुढच्याच पिरियडला दुसऱ्या वर्गात जायचंय. आणि मग मतदार यादीचं काम, सर्व्हे, स्कॉलरशिपचे फॉर्म, पोर्टलवर माहिती भरणं. हे सगळं धरूनही मार्ग निघतो, पण खरी भीती आहे ती स्टॉक रजिस्टरची. बीकर फुटला तर रजिस्टरमध्ये लिहावं लागतं, कोणी फोडला, कसा फोडला, मग ऑडिटला उत्तर द्यायचं, आणि कितीतरी शिक्षक त्यापेक्षा गपचूप स्वतःच्या पैशाने आणून ठेवतात. मीही ठेवलेत. नवीन लागलेली मुलगी हे बघते आणि ठरवते की कपाट उघडायचंच नाही. मी अशी कपाटं पाहिलीत ज्यात मायक्रोस्कोप कंपनीच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला आहे, लेन्सवर बुरशी आलीये, पण रजिस्टरमध्ये तो "चालू स्थितीत" आहे कारण तो कधी कुणी हातात घेतलाच नाही.

मग फाइल कशी होते? दुकानात मिळते. छापील, आकृत्यांसकट, फक्त नाव आणि रोल नंबर घालायचा. नाहीतर मागच्या वर्षीच्या हुशार मुलीची फाइल फिरते आणि ओहमच्या नियमाचं रीडिंग साठच्या साठ मुलांचं एकसारखं, दशांशापर्यंत. ग्राफ सरळ रेषेत, एकही बिंदू इकडे तिकडे नाही. ज्याने आयुष्यात एकदा तरी अमीटर जोडलाय त्याला कळतं की असं होतच नाही. वायर ढिली असते, सेल उतरलेला असतो, रेझिस्टन्सची तार तापते, एक बिंदू हमखास रेषेच्या बाहेर पळतो आणि तो का पळाला हे शोधण्यातच तर सगळा अभ्यास आहे.

पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की रागावू नका पण ऐका. आपल्या समाजात शिक्षणाची आवड पहिल्यापासून आहे, इंदुरात तर होळकर सायन्स कॉलेज १८९१ पासून आहे, माझे आजोबा तिथे शिकले, मी तिथून एमएस्सी केलं. पण आता सातवी-आठवीपासूनच मुलांना फाउंडेशन कोर्सला घालतात, शाळेतून सुटला की भंवरकुआँ नाहीतर गीताभवनकडे, रात्री नऊला घरी. असाच एक मुलगा, खरंच तल्लख, आरशाच्या सूत्राची गणितं माझ्याहून लवकर सोडवायचा, चिन्हं कधी चुकायचा नाही. एक दिवस मी त्याच्या हातात अंतर्वक्र आरसा दिला आणि म्हटलं खिडकीकडे तोंड करून धर आणि समोर कागद मागे-पुढे कर. त्याने कागद सरकवला आणि एका जागी अचानक खिडकी उतरली, उलटी, गजांसकट, बाहेरचं कडुलिंबाचं झाड खाली डोकं वर पाय, पानं हलताना दिसत होती. तो मोठ्याने ओरडला "भिया ये तो हिल रहा है!" आणि सगळा वर्ग धावत आला. मग मी पट्टी दिली, कागद आणि आरशातलं अंतर मोज म्हटलं. दहा सेंटीमीटर. फोकल लेंग्थ. तो बराच वेळ पट्टीकडेच बघत होता, म्हणाला मैम एफ म्हणजे हे होय. त्याने तोपर्यंत एफची दोनशे गणितं सोडवली असतील.

हे सगळं आपल्याच प्रदेशात एकदा करून झालेलं आहे याचं मला जास्त वाईट वाटतं. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यात, ज्याला आता नर्मदापुरम म्हणतात, किशोर भारती संस्था आणि रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरने सोळा मिडल स्कूलमध्ये प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली, पुढे सगळ्या जिल्ह्यात आणि मग बाहेरच्या जिल्ह्यांतही ते गेलं, १९८२ मध्ये एकलव्य संस्था झाली तिने ते पुढे नेलं. मी नवीन लागले तेव्हा स्टाफरूममध्ये एक वयस्कर सर होते ज्यांनी त्या भागात पंधरा वर्षं शिकवलेलं होतं, मला जे काही येतं त्यातलं निम्मं त्यांच्याकडून. चार-चार मुलांची टोळी करायची, हे त्यांचंच. त्या कार्यक्रमाच्या पुस्तकात उत्तरं छापलेलीच नसायची, प्रश्न असायचे आणि उत्तर मुलाने करून बघून लिहायचं. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची परवानगी, आणि प्रयोगाची परीक्षा वेगळी. सवालीराम नावाचं एक काल्पनिक पात्र होतं, मुलं त्याला पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायची आणि त्यांना उत्तर यायचं. सर सांगायचे की सुट्टीतल्या ट्रेनिंगला शिक्षकांना स्वतः जमिनीवर बसून तेच प्रयोग करावे लागायचे आणि तिथे मोठमोठ्या संस्थांतले शास्त्रज्ञ बरोबर बसायचे, कुणी मोठं नाही कुणी लहान नाही. तीस वर्षं हे चाललं आणि २००२ मध्ये सरकारने बंद केलं. ते मिडल स्कूलसाठी होतं, नववी-दहावीसाठी नव्हतं, आणि त्यात अडचणीही असणार, पण गावातल्या साध्या शाळेत, खापराच्या छपराखाली, सरकारी शिक्षक हे करू शकतात एवढं तर त्यातून सिद्ध झालं ना. मग आज स्मार्ट बोर्ड लावलेल्या शाळेत का होत नाही.

स्मार्ट बोर्डबद्दल माझं वाईट मत नाही. अणूच्या आत काय आहे, हृदय कसं चालतं ते त्यावर उत्तम दिसतं. पण पाणी उकळल्याचा व्हिडिओ दाखवून काय मिळणार, त्यातही थर्मामीटर १०० च दाखवतो! आणि अभ्यासक्रमाचं ओझं कमी करायचं म्हणून २०२३ ला एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून आवर्त सारणी आणि उत्क्रांती काढली, मला विचाराल तर मुलांना ओझं त्या धड्यांचं नव्हतं, न बघितलेल्या गोष्टी पाठ करायचं होतं.

सामान नाही म्हणून प्रयोग होत नाही हेही पूर्ण खरं नाही. एप्रिलमध्ये नवीन सेशन सुरू होतं तेव्हा मी मैदानात एक सरळ काठी रोवते, ओळंब्याने तपासून. मुलं बारापासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करतात. सगळ्यांना वाटत असतं बारा वाजता सावली सगळ्यात लहान, ती होते साधारण बारा पंचवीस-तीसला. का? कारण आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, मिर्झापूरकडचं, आणि इंदूर पावणेशहात्तरच्या जरा पुढे, एका रेखांशाला चार मिनिटं धरली की साडेसव्वीस मिनिटांचा फरक पडतो. खर्च एक काठी आणि दोन खडू. ऊन लागतं म्हणून टोपी आणायला सांगते, बस.

तसंच कंपोस्टचं. ओला कचरा सुका कचरा आपल्या शहरातलं तीन वर्षांचं पोरही वेगळा करतं, देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचा एवढा मोठा प्लांट आहे, पण जगभरात ज्याला कंपोस्टची इंदूर पद्धत म्हणतात ती इथे, आपल्याच गावात, १९२४ ते १९३१ च्या दरम्यान अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांच्या कामातून उभी राहिली हे माझ्या वर्गात एकालाही माहीत नव्हतं. शाळेच्या मागे पाला, शेण, मातीचा थर देऊन ढीग केला आणि आठवड्याने तोच थर्मामीटर एका पोकळ नळीतून आत सोडला. ५६ डिग्री. बाहेर थंडी होती, मुलं हात शेकायला ढिगाशी येऊन उभी राहायची. जीवाणू श्वसन करतात आणि उष्णता बाहेर पडते हे मग मला लिहून द्यावं लागलं नाही.

मग काय पाहिजे, असं विचाराल तर फार नाही मागत. आठवड्यातून एकदा विज्ञानाचे दोन पिरियड लागून द्या आणि प्रयोगाला एका वेळी अर्धाच वर्ग असू द्या. फुटलेल्या काचेची वर्षाला एक ठरावीक सूट द्या, ज्याचा हिशोब मागायचा नाही. फाइलमध्ये पेन्सिलने घेतलेलं मूळ रीडिंग राहू द्या, खाडाखोड असली तरी, आणि परीक्षकांनी आकड्यापेक्षा मुलाला विचारावं की तुला हे कसं मिळालं. बोर्डाने पेपर तपासणाऱ्यांना एक ओळ लिहून द्यावी, समुद्रसपाटीवर १०० आणि ज्याने कारण देऊन आपल्या गावचा आकडा लिहिला त्यालाही पूर्ण मार्क. शेवटची मागणी एका कागदावर होण्यासारखी आहे, एक रुपया लागत नाही तिला.

आणि आपल्या मराठी मंडळींना वेगळं सांगायचंय. राजेंद्रनगरात, वैशालीनगरात, सुदामानगरात कितीतरी जण आहेत जे कॅटमधून रिटायर झालेत, वीज मंडळातून, कॉलेजातून रिटायर झालेत. कॅटमध्ये, म्हणजे राजा रामण्णा केंद्रात, इंडस-२ नावाचं मोठं यंत्र आहे, त्यात १७२ मीटर घेराच्या गोलात इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने फिरत राहतात, माझी मुलं ते बघायला गेली तेव्हा परत येताना बसमध्ये गाणी म्हणायचं विसरली. ज्यांनी आयुष्य तिथे काढलं त्यांनी आठवड्यातून एक तास जवळच्या शाळेत यावं. भाषण नको. मुलाच्या शेजारी उभं राहून अमीटर सिरीजमध्ये कसा लावायचा तेवढं दाखवावं, आणि जेव्हा बिंदू रेषेबाहेर जाईल तेव्हा आनंद कसा होतो तेही दाखवावं, ते आम्हाला एकट्याने साठ मुलांसमोर जमत नाही. गणेशोत्सवात आपली मंडळं इतक्या स्पर्धा घेतात, थर्मोकोलच्या मॉडेलची पण असते, आणि ते मॉडेल बहुतेक वेळा बाबांनी बनवलेलं असतं किंवा दुकानातून आणलेलं असतं. त्याऐवजी दहा दिवसांतल्या एका संध्याकाळी मांडवात चार टेबलं टाका, आरसा, लेन्स, चुंबक, हळदीचा कागद आणि साबणाचं पाणी ठेवा, आणि मुलांना हात लावू द्या. सामान मी देते, माणसंही गोळा करते.

एक छोटं काम तर आत्ताच आहे. सुट्ट्या लागताहेत, कुणी पचमढीला जाईल, कुणी कोकणात, कुणी महाबळेश्वरला. शाळेत मी एक मोठा कागद लावलाय, गावाचं नाव, उंची, आणि पाणी किती डिग्रीला उकळलं. जाताना ११० डिग्रीपर्यंतचा लॅबचा थर्मामीटर घेऊन जा (तापाचा अजिबात नको, तो उकळत्या पाण्यात फुटेल), साधं पाणी पातेल्यात उकळू द्या, बल्ब बुडाला टेकवू नका, दोन मिनिटं थांबून जो आकडा दिसेल तोच लिहा आणि या पेपरकडे पाठवा, संपादक मला पोचवतील अशी आशा करते. सध्या कागदावर दोनच ओळी भरल्यात. इंदूर, ५५० मीटर, ९८. महेश्वर, १५० मीटर, ९९ आणि १०० च्या मधे, आणि त्याच्यापुढे त्या मुलाने कंसात लिहिलंय, मामी के घर.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, इंदूर